ड्रॅक्युलासाठी रडले, पण मग लुसीचं काय?

प्रश्न: ताई, कॉलम नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. मागच्या शनिवारी मी आणि मिस्टरांनी दिग्दर्शक कोपोलाचा १९९२ चा ड्रॅक्युला पिक्चर बघितला. माझी तर नजरच हटत नव्हती, ते लाल चिलखत काय, तो सोनेरी झगा काय! हे मात्र हिरॉइन मीनाच्या होणाऱ्या नवऱ्याचं, त्या जॉनथनचं इंग्लिश ऐकून हसत बसले. शेवटी मला चक्क रडू आलं. आणि दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता एकदम संताप आला, की ज्याने मीनाच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचा, लुसीचा जीव घेतला त्याच्यासाठी मी रडले? मीना पण त्याच्या छातीवर बुक्के मारते आणि लगेच प्रेम आहे म्हणते! आता पिक्चर आवडला की नाही हेच कळेना झालंय. नुसत्या स्टाईलला भुलले का मी? आणि लेक १३ वर्षांची आहे, ड्रॉइंगचं वेड, मला पण कपडे बघायचेत म्हणून मागे लागलीय, दाखवू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: अगं, भुलली वगैरे काही नाहीस तू. मी हा पिक्चर तीनदा बघितलाय आणि दर वेळी लुसीपाशी येऊन मलाही असंच होतं, म्हणून तुझं पत्र वाचल्यावर आधी हेच लिहायला घेतलं.

आधी कपड्यांचं बोलू, कारण तिथे मला काही शंकाच नाही. कोपोलाने ठरवलं होतं की मोठमोठ्या सेटवर खर्च करण्यापेक्षा कपडेच सेट होऊ देत, आणि ते काम दिलं जपानच्या एइको इशिओकाला. तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. तू म्हणतेस ते लाल चिलखत परत बघ, कातडी सोललेल्या माणसाचे स्नायू दिसावेत तसं आहे ते. आणि लुसीला ज्या लग्नाच्या ड्रेसमध्ये पुरतात त्याची ती भलीमोठी कॉलर, ती गळ्याभोवतीची झालर फुलवणाऱ्या सरड्यावरून सुचलेली. म्हणजे नवरीचा पोशाख आणि त्यात जनावर, डायलॉग नसतानाही तुला कळतं की ही आता आपली लुसी राहिली नाही, ड्रॅक्युलासारखी रक्त पिणारी झालीय. ती मागे मागे जात शवपेटीत जाऊन पडते ना, ते उलटं चालवलेलं शूटिंग आहे, म्हणून तिची चाल अशी अंगावर येते.

बाकीच्या करामतीही अशाच जुन्या पद्धतीच्या. इफेक्ट्सवाल्यांनी कॉम्प्युटर पाहिजे म्हटलं तर कोपोलाने त्यांना काढून मुलाला, रोमनला घेतलं आणि डबल एक्स्पोजर (एकाच फिल्मवर दोनदा शूटिंग), छोटी मॉडेल्स, आरसे असलं सगळं वापरलं. डायरीच्या पानापुढून आगगाडी जाते तिथे खरंच मोठी डायरी आणि छोटी गाडी आहे. हे उगाच हौसेपोटी नाही केलेलं. गोष्ट १८९७ ची, सिनेमा नुकताच जन्मलेला, ड्रॅक्युला मीनाला लंडनच्या रस्त्यात भेटतो आणि दोघं जातात ते पण सिनेमॅटोग्राफच्या, म्हणजे तेव्हाच्या सिनेमाच्या खेळाला (आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलात तो ७ जुलै १८९६ लाच दाखवून झाला होता, मला हे आठवून उगाच भारी वाटतं). त्या काळातली भुताची गोष्ट त्या काळातल्याच जादूने सांगायची, असं आहे ते.

आणि ती सावली! वाड्यात ड्रॅक्युला नम्रपणे जॉनथनशी बोलतोय आणि भिंतीवरची त्याची सावली मात्र स्वतःच्या मनानेच हलतेय, जॉनथनच्या गळ्याकडे हात नेतेय. तोंडावर एक आणि मनात एक, हे याहून चांगलं कसं सांगणार? त्यामुळे स्टाईल म्हणजे वरवरचं काहीतरी, हे मला इथे तरी पटत नाही. जॉनथनच्या इंग्लिशबद्दल मात्र तुझ्या मिस्टरांचं बरोबर आहे, कियानू रीव्हजला ते जमलेलं नाही, तेव्हाही लोकांनी त्यावर टीका केली होती.

आता लुसी. ब्रॅम स्टोकरचं १८९७ चं पुस्तक सगळं डायऱ्या, पत्रं, तारा यांनीच बनलंय, आणि त्यात सगळे बोलतात, मीना, जॉनथन, लुसी, डॉक्टर सेवर्ड, फक्त ड्रॅक्युलाची डायरी नाही. तो आतून काय आहे ते कळतच नाही आणि भीती त्याचीच वाटते. मीनाशी प्रेम तर पुस्तकात नाहीच. पिक्चरने १४६२ मधली त्याची बायको आणली, तिने नदीत उडी घेऊन जीव दिला, मीना म्हणजे तीच परत आलेली, आणि आपण पुनर्जन्माच्या गोष्टींवर वाढलेली माणसं, आपल्याला ते लगेच भिडतं. मीनाचे अश्रू त्याच्या मुठीत हिरे होतात तिथे माझाही गळा भरून येतो.

पण त्याला मन दिलं आणि लुसीचं काढून घेतलं असं मला वाटतं. तिचं डोकं उडतं आणि पुढच्या क्षणाला ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या व्हॅन हेल्सिंगच्या ताटातलं लालसर मांस कापलं जातंय! हे जोडणारा हुशार आहे, मान्य, पण जिच्यासाठी कोणीतरी क्षणभर थांबायला हवं होतं तिथेच पिक्चर पुढे पळतो, मीनाला धड रडूही देत नाही. ते दुःख पिक्चरने तुझ्यावर सोडलं आणि तू ते भाजी चिरताना केलंस. म्हणून म्हणते, शनिवारचं रडू खरं आणि रविवारचा राग पण खरा, एकाने दुसरं खोटं ठरत नाही. मला विचारशील तर हा पिक्चर मला फार आवडतो आणि लुसीच्या बाबतीत मी त्याला माफ केलेलं नाही.

लेकीला पूर्ण पिक्चर नको दाखवूस. अमेरिकेतही याला आर रेटिंग होतं (म्हणजे १७ च्या आतल्यांनी मोठ्यांशिवाय बघायचं नाही), लुसीचे आणि ड्रॅक्युलाच्या वाड्यातल्या त्या तीन बायकांचे सीन १३ व्या वर्षी बघण्यासारखे नाहीतच. पण आगगाडी आणि डायरीचा तुकडा, लाल चिलखत, भिंतीवरची सावली एवढं शेजारी बसून रिमोट हातात धरून दाखव, आणि मग तिला कागद-पेन्सिल दे. ती सावली कशी काढते ते मला नक्की कळव.