दोन वेधशाळांच्या मधले बेळगाव

बेळगाव

चि. विद्यार्थिमित्रास अनेक आशीर्वाद.

तुझा नकाशा लक्षपूर्वक पाहिला. अलिबाग, हैदराबाद आणि तिरुनेलवेली येथील चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींवरून खानापूर ते निपाणी या पट्ट्यातील भूचुंबकीय क्षेत्र काढायचे, हा बेत चांगला आहे. मात्र एकूण आकडा जसाच्या तसा अंतर्वेशनात (दोन ठिकाणच्या आकड्यांवरून मधला आकडा काढण्यात) घालू नये.

आपल्याकडील क्षेत्राच्या सुमारे 42 हजार नॅनोटेस्लांपैकी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) बहुतांश भाग पृथ्वीच्या गाभ्यातून येतो. तो दर पाच वर्षांनी सुधारल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय संदर्भ प्रारूपातून घेऊन प्रथम वजा करावा. उरलेल्यात खडकांचा वाटा असतो आणि तो दूरच्या वेधशाळांवरून कधीच कळत नाही. इथला बेसॉल्ट थंड होताना त्या काळच्या क्षेत्राची दिशा धरून बसला आहे. उघड्या काळ्या कातळावर मॅग्नेटोमीटरचा (क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचा) सेन्सर छातीच्या उंचीवरून खाली आणला, तरी आकडा शेकडो नॅनोटेस्लांनी सरकू शकतो. म्हणून प्रत्येक ठिकाणची चुंबकीयदृष्ट्या शांत रात्रीची पातळी शून्य मानावी आणि केवळ तिच्यापासूनचा बदल पुढे न्यावा. (खिशातल्या किल्ल्या आधी काढून ठेवाव्यात, हे सांगायला नको.)

खरी गफलत दुपारी होते. तिरुनेलवेलीवरून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विषुववृत्तीय विद्युतझोत, म्हणजे दिवसा वाहणारा विद्युतप्रवाहाचा अरुंद पट्टा, वाहतो आणि चुंबकीय विषुववृत्तापासून (जिथे क्षेत्र अगदी आडवे असते त्या रेषेपासून) तीनेक अंशांपलीकडे त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो. उदाहरणापुरते धरू, की क्षितिजसमांतर घटक दुपारी तिरुनेलवेलीत 100 आणि अलिबागला 40 नॅनोटेस्लांनी वाढला. अक्षांशाच्या प्रमाणात सरळ रेषा ओढली, तर बेळगावला 57 येतात, पण झोत आपल्यापर्यंत पोहोचतच नसल्यामुळे प्रत्यक्षातील वाढ अलिबागच्या आकड्याच्या बरीच जवळ असते. त्याऐवजी त्या उंचीवर विद्युतप्रवाहांचे जाळे कल्पून, वेधशाळांच्या नोंदींशी जुळतील असे प्रवाह ठरवावेत आणि त्यांच्यापासून बेळगावचे क्षेत्र मोजावे. गणित वाढते खरे, पण माझ्या मते तो खटाटोप सार्थ आहे. केंद्रे मोजकीच असल्याने झोतासाठी जाळे दक्षिणेकडे दाट ठेवावे लागेल.

चुंबकीय वादळाचे, म्हणजे सौर उद्रेकांमुळे क्षेत्र खवळलेले, दिवस तूर्त बाजूला ठेव. शांत दिवसांवर हैदराबादची नोंद मुद्दाम वगळून उरलेल्या दोन केंद्रांवरून तिचे अनुमान काढ आणि तासागणिक येणारा फरक मला पाठव; तो पाहिल्याशिवाय बेळगावच्या आकड्यापुढे त्रुटीची मर्यादा लिहू नकोस.

तुझा हितचिंतक