एफडी मोडा, पण यंत्रासाठी नाही

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. लांबलचक आहे, म्हणून गाभा तेवढा देतो.

"सुरगाणा-पेठच्या शेतकऱ्यांकडून ५५ रुपये किलोने नाचणी घेऊन आम्ही साजूक तुपातले नाचणी-गुळाचे लाडू करतो. पामतेल नाही, साखर नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. लाडवांच्या दिवशी बचत गटातल्या तीन ताई ४०० रुपये रोजाने येतात, दिवसाला २४ किलो लाडू होतात. पाव किलोचा डबा १८० रुपयांना. महिन्याला ९०० डबे जातात, बहुतेक दुकानांतून. आता बाजारात टिकायचं तर नवीन काहीतरी हवं, म्हणून नाचणी-बार काढायचा आहे. यंत्र ९ लाखांचं, ३५ टक्के अनुदान मिळेल असं विक्रेता म्हणतो. उलाढाल १५ लाखांवरून वर्षात ५० लाखांवर जाईल. आमचा हिस्सा भरायला मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ६ लाखांची एफडी मोडू का? आमच्या कामावर विश्वास असलेल्या १६ जणांनी (ग्राहक, गटातल्या दोन ताई, काही शेतकरी) मिळून ४ लाख ८० हजारांची 'सहभाग ठेव' दिली आहे. त्यावर १२ टक्के देतो, एकदाही चुकवलं नाही. ती पुढे परत करता यावी म्हणून बँकेतल्या साहेबांनी ६० हजार हप्त्याची १५ वर्षांची गॅरंटीड पॉलिसी काढून दिली. कागद मागच्या आठवड्यात आले."

ताई, यंत्राचं नंतर बघू. आधी ठेवींचं.

व्याज कबूल करून नात्याबाहेरच्या लोकांकडून पैसे घेणं म्हणजे काय, याचा विचार २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या अंगाने करावा लागतो. तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण कायदा हेतूच्या आधी व्यवहाराचं रूप बघतो. त्यात ठेव स्वीकारल्याबद्दल दोन ते सात वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड आहे. तुमचा व्यवहार नेमका कुठे बसतो हे वकिलाकडून तपासून घ्या आणि तोवर एक रुपयाही नवी ठेव घेऊ नका. यातली कोणाची रक्कम २० हजार किंवा त्याहून जास्त असून रोखीने घेतली असेल, तर आयकराचा दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. तेही सीएला दाखवा.

'एकदाही चुकवलं नाही' हे वाक्य मला जास्त खटकलं. व्याज नेमकं कशातून दिलंत?

डब्याचा हिशेब मांडू. किलोभर लाडवांना तूप पाव किलो, १७५ रुपये. मोड आणून, वाळवून, दळून नाचणीचं पीठ किलोला ९० रुपयांना पडतं, त्याचे ३८. गूळ २०, सुकामेवा-डिंक ४५, गॅस १२, मजुरी ५०, डबे-लेबलं ४८. झाले ३८८, म्हणजे डबा ९७ रुपयांना पडतो. १८० वजा ९७, उरले ८३, असं धरून तुम्ही खूश आहात. पण दुकानदार २५ टक्के, म्हणजे ४५ रुपये ठेवून घेतो. तुमच्या हाती १३५ येतात. पोहोचवायला ९ जातात. शंभरातले सहा डबे मुदत संपून किंवा खवट वास येऊन परत येतात असं तुम्हीच लिहिलंय, त्याचे ८ गेले. राहिले २१.

९०० डब्यांचे झाले १९ हजार. भाडं, वीज, फोन, प्रदर्शनांचे स्टॉल, हिशेबनीस मिळून तुमचा महिन्याचा खर्च २६ हजार. तूट ७ हजार, वर ठेवींचं व्याज ४,८००. महिन्याला १२ हजारांचा खड्डा. तीन वर्षांचे सव्वाचार लाख. सुरुवातीला ठेवी कमी होत्या म्हणून थोडे कमी धरा, तरी पैसे कुठे गेले ते कळलं. जुन्या ठेवीदाराचं व्याज नव्या ठेवीदाराच्या पैशातून जात होतं. आणि या सगळ्यात तुमचा नि यजमानांचा पगार शून्य धरलाय.

आता ती पॉलिसी. १५ वर्षांनी हातात येणाऱ्या रकमेतून आज मागता येणाऱ्या ठेवी कशा फेडणार? अशा पॉलिसीत पाच-साडेपाच टक्के सुटले तरी पुष्कळ, आणि तुम्ही देताय बारा. कर्ज हवं तर पॉलिसी घ्या, ही सक्ती बँकेला करता येत नाही. साहेबांना कमिशनचं उद्दिष्ट होतं, तुम्हाला यंत्राच्या कर्जाची घाई. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत कारण न देता पॉलिसी परत करता येते. अर्ज विमा कंपनीकडेच द्या, ईमेलही करा आणि पोच घ्या. बँकेत 'बघू, सांगतो' ऐकत बसलात तर तेवढ्यात तीस दिवस निघून जातील. मुद्रांक शुल्क आणि झालेल्या दिवसांचा जोखीम-हप्ता (तेवढ्या दिवसांच्या विम्याची किंमत) कापून बाकी पैसे परत मिळतात.

एफडी मोडायचीच आहे, पण ती ठेवी फेडायला. क्रम असा ठेवा: आधी गटातल्या ताई, मग शेतकरी, शेवटी ग्राहक. प्रत्येकाला बँकेतून पैसे पाठवा, दिलेली पावती परत घ्या, 'पूर्ण रक्कम मिळाली' असं लिहून घ्या. कोणी 'राहू द्या हो' म्हणालं तर त्यांच्याकडून तीन महिन्यांच्या लाडवांची आगाऊ ऑर्डर वेगळी घ्या, तारीख लिहून आणि व्याजाशिवाय. एफडीतले १ लाख २० हजार उरतील, पॉलिसीचे ६० हजारांच्या आसपास येतील. मुलीच्या शिक्षणाचा निधी रिकामा होतोय हे दिसतंय मला. पण तिला शैक्षणिक कर्ज मिळू शकतं. तुमच्या तुटीला कोणी कर्ज देत नाही, ती फक्त लपवता येते.

यंत्राचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ९०० डबे म्हणजे सव्वादोनशे किलो. दिवसाला २४ किलो, म्हणजे महिन्यात नऊ-दहा दिवसांचं काम. तीन जणींचे हातच निम्म्याहून जास्त दिवस रिकामे आहेत आणि तुम्ही यंत्र घ्यायला निघालात! ९ लाखांना ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साडेएकोणीस हजार. २१ रुपये सुटणाऱ्या मालात तो फेडायला आज विकता तितकेच आणखी डबे विकावे लागतील, आजची तूट तरीही तशीच. अनुदान प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचं असेल, तर ३५ टक्के (कमाल १० लाख) खरं आहे, पण ते कर्जाशी जोडलेलं असतं आणि तीन वर्षं कर्जखात्यात अडकून राहतं. विक्रेता ते आजच्या किमतीतून वजा करून दाखवतो, तसं होत नाही.

बारची आणखी एक गंमत विक्रेता सांगणार नाही. रसायनविरहित गुळाची ओल ढेपेगणिक बदलते. हाताला ते कळतं, पाक त्याप्रमाणे कमी-जास्त आटवता येतो. यंत्राला एकसारखा पाक लागतो, नाहीतर एका घाण्याचे बार चिकटतात नि दुसऱ्याचे भुगा होतात. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, म्हणून जाड लॅमिनेट (थरांचं वेष्टन) लागतं. वेष्टनाच्या छापील रोलसाठी रंगागणिक वेगळा छपाईचा सिलिंडर करावा लागतो आणि काही शे किलोंची ऑर्डर द्यावी लागते. लेबलवरची एक ओळ बदलली की तो माल रद्दीत. आणि काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर कमिशन, जाहिरात, परत आलेला माल मिळून चाळीस टक्के धरून चला.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे डबा २१० करा. तुमच्या हाती १५७ येतील, खर्च जाऊन ४२ सुटतील. दोनशे गिऱ्हाइकं तुटून ७०० डबेच गेले, तरी २९ हजार जमतात आणि २६ हजारांचा खर्च भागतो. तुमचा २० हजार पगार धरला तर ११०० डबे लागतात. पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट ते, ५० लाख नव्हे. (४० लाखांच्या पुढे किंवा परराज्यात माल पाठवायला लागलात की जीएसटी नोंदणी आली, डब्यामागे आणखी तीन-चार रुपये गेले.) शेतकऱ्यांचा भाव मात्र कापू नका. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ होता, तुम्ही त्यावर किलोमागे सहा रुपये देता. लाडवाच्या डब्यात त्याचा बोजा रुपयाचाही नाही.

नवीन पदार्थ हवाच असेल तर लाडवातून तूप काढा. खवटपणा बराचसा तुपाचा, जवळपास निम्मा खर्च तुपाचा. ४०० ग्रॅमचं तयार लाडू-पीठ करा: भाजलेलं मोडाच्या नाचणीचं पीठ २२०, गुळाची पावडर १४०, सुकामेवा ४०. घरी दीडशे ग्रॅम तूप गरम करून घालायचं नि वळायचं. पाकीट ८८ रुपयांना पडेल. १९० ला विकलं तर दुकान नि वाहतूक जाऊन ४५ च्या आसपास सुटतात, परत आलेल्या मालाचे त्यातून वजा करा. यंत्र काय लागेल? पाकिटं बंद करणारा पंधरा-वीस हजारांचा बँड सीलर. पीठ पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, नाहीतर आत वाफ धरून गुठळ्या होतात. पहिली दोनशे पाकिटंच करा. त्यातली बारा बाजूला ठेवा, सहा कपाटात, सहा माळ्यावर उकाड्यात, आणि दर आठवड्याला एकेक फोडून वास-चव बघून तारखेसह लिहा. त्यावरून अंदाज येईल. लेबलवरची मुदत छापण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करा, आणि हा नवा पदार्थ तुमच्या अन्न परवान्यात बसतो का तेही पाहा.

तुम्ही पाठवलेल्या डब्याच्या फोटोवर 'शुगर फ्री' दिसलं. गूळ असताना ते लिहिता येत नाही. उरलेली लेबलं वापरू नका.