नवे कर्मचारी पतसंस्थेत येत नाहीत, आले तर फक्त कर्जासाठी. पगारकपातीची बचत त्यांना कशी पटवावी?

तुम्ही लिहिलंय की हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या पगारदार पतसंस्थेवर तुम्ही संचालक आहात. गेल्या भरतीत लागलेली मुलं सभासद होत नाहीत, आणि झालीच तर पहिल्या महिन्यात कर्जाचा अर्ज पुढं करतात.

सगळ्यात आधी ‘तात्काळ कर्ज मिळेल’ ही पाटी काढा. तातडीत तुम्ही मोबाइल ॲपशी जिंकणार नाही. ते दहा मिनिटांत पैसे खात्यावर टाकतं, तुमच्याकडं दोन जामीनदारांच्या सह्या व्हायलाच आठवडा जातो. तुमच्याकडं जे आहे ते ॲपकडं नाही: पगार हातात पडायच्या आधी पैसा बाजूला काढायची कायदेशीर सोय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ४९ ते हेच. सभासदानं संस्थेला करारनामा लिहून दिला आणि संस्थेनं लेखी मागणी केली की पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला कपात करावी लागते आणि कपातीपासून १४ दिवसांत रक्कम संस्थेला द्यावी लागते. कुचराई केली तर तो स्वतः जबाबदार ठरतो. (नांदेड-पूर्ण्याच्या रेल्वेवाल्यांना हे कलम लागू नाही. त्यांचा एखादा नातेवाईक मेळाव्यात प्रश्न विचारतोच, म्हणून सांगितलं.)

आता पटवायचं कसं. ‘बचतीचं महत्त्व’ यावर भाषण नको, एक गरज धरा. आपल्याकडं पगारदाराच्या घरी पैशाची ओढाताण जूनमध्ये होते. गावाकडं पेरणी, बी-खत, आणि लेकरू अकरावीला असेल तर लातूर किंवा नांदेडच्या नीटच्या क्लासची फी, वर खोलीभाडं. त्याच महिन्यात सगळे तातडीच्या कर्जाला रांग लावतात. म्हणून ‘जूनची ठेव’ काढा. जुलैच्या पगारापासून ११ हप्ते, मेच्या पगाराला शेवटचा, जूनच्या पहिल्या आठवड्यात रक्कम खात्यावर. ३,००० रुपयांचा हप्ता आणि ७ टक्के सरळ व्याज धरलं तर ३३,००० भरून साधारण ३४,१५५ हातात येतात. व्याज फार नाही, ते कबूल करा. पण तेच ३३,००० जूनमध्ये १२ टक्क्यांनी उचलून वर्षभरात फेडले तर दोनेक हजार व्याज जातं. दोन्ही मिळून तीन हजारांचा फरक पडतो आणि जामीनदार शोधत फिरावं लागत नाही. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा.

हप्ता ठरवताना पगाराचा टक्का सांगू नका, वेतनवाढ धरा. २५,५०० मूळ वेतनावर असलेल्याचं मूळ वेतन पहिल्या वेतनवाढीला २६,३०० होतं. या ८०० मधले ३०० मासिक वर्गणीत, म्हणजे संस्थेतल्या सक्तीच्या बचतीत, वाढवा म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही, कारण ते पैसे अजून खर्चात बसलेले नसतात. शिक्षण सेवकांची गोष्ट वेगळी. प्राथमिकला १६,००० मानधन, तीन वर्षं तेवढ्यावरच. त्यांच्याकडून ५०० च्या वर घेऊ नका आणि कायम होईपर्यंत कर्ज तर देऊच नका.

सभासद करून घेण्याचे कागद तुम्हाला माहीत आहेत, त्यात जात नाही. फक्त दोन ठिकाणी लक्ष घाला. एक म्हणजे वारस नामनिर्देशन. अर्जात तो रकाना रिकामाच राहतो आणि सभासद गेल्यावर घरच्यांना वारस दाखल्यासाठी कोर्टात हेलपाटे घालावे लागतात. लग्नानंतर नामनिर्देशन बदलून घ्यायलाही सांगा. दुसरं म्हणजे करारनाम्यातला आकडा. कलम ४९ मध्ये ‘कर्ज किंवा संस्थेचं इतर येणं’ असं आहे. उपविधीतली सक्तीची मासिक वर्गणी त्यात सरळ बसते. ‘जूनची ठेव’ ऐच्छिक, ती करारनाम्यात रकमेसह आणि मुदतीसह लिहिलेली नसेल तर पगार लिपिक ती बाजूला ठेवतो, आणि त्याचं चुकत नाही.

सगळं बिघडतं ते मात्र वसुली यादीत, म्हणजे कोणाच्या पगारातून किती कापायचं त्या यादीत. पगाराचं देयक तयार करायला लिपिक बसायच्या आधी यादी त्याच्या टेबलावर हवी. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पोचली तर बरं. यादीत नावासोबत सेवार्थ किंवा शालार्थ आयडी (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक) हवाच, कारण एकाच तालुक्यात एकाच नावाचे दोन शिक्षक हमखास असतात आणि एकाचा हप्ता दुसऱ्याच्या पगारातून जातो. वर्गणी, मुद्दल आणि व्याज वेगवेगळ्या रकान्यांत द्या. समजा एखाद्यानं ३ लाख घेतले, दर १० टक्के, ६० हप्ते. पहिल्या महिन्यात व्याज २,५००, मुद्दल ३,८७४, वर गणपतीसारखी न चुकणारी वर्गणी २,०००. त्याच्या पगारपत्रकावर दिसतो तो एकच आकडा, ८,३७४. पासबुकात तो तीन ठिकाणी फुटतो. सभासदाला हे फुटणं कळलं नाही की तो म्हणतो, ‘आठ हजार भरले, कर्ज चारच हजारांनी कमी झालं’, आणि स्टाफरूममध्ये तुमची संस्था बुडवी ठरते. कपात झाल्याच्या दिवशी हे तीन आकडे आणि शिल्लक एसएमएसनं पाठवा. प्रचाराला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

बदलीत बचतही तुटते आणि कर्जही. आंतरजिल्हा बदलीनं माणूस सेनगावहून बीडला गेला की नव्या ठिकाणच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याला (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला) तुमची संस्था माहीतच नसते. अंतिम वेतन प्रमाणपत्रात संस्थेचा हप्ता आणि शिल्लक हप्त्यांची संख्या लिहून घ्या, सोबत करारनाम्याची प्रत आणि मागणीपत्र नव्या कार्यालयाला स्पीड पोस्टानं पाठवा. पहिल्या महिन्यात यादी गेली नाही की सलग तीन महिने जात नाही, तोवर पगार घरखर्चात मुरलेला असतो. पगारच उशिरा झाला तर उशिराच्या दिवसांचं व्याज सभासदावर टाकायचं का, हे सर्वसाधारण सभेत ठरवून लिहून ठेवा. माझं मत: टाकू नये. चूक त्याची नसते.

तरुण मुलं हुशार असतात, दराचा प्रश्न विचारतील. खरा दर सांगा. काही संस्था अजून सरळ व्याज पूर्ण रकमेवर लावतात. ३ लाखांना १० टक्के त्या पद्धतीनं पाच वर्षांत दीड लाख व्याज आणि हप्ता ७,५००. घटत्या शिलकीवर तोच दर असेल तर हप्ता ६,३७४. पहिल्या पद्धतीचा दर घटत्या शिलकीच्या हिशेबानं सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यात ५ टक्के शेअर कपात, म्हणजे ३ लाखांच्या कागदावर हातात २ लाख ८५ हजार. त्या १५ हजारांवर लाभांश १० टक्के दिला तर तेवढ्या रकमेचं कर्जावरचं १० टक्के व्याज तिथल्या तिथं फिटतं. ४ टक्केच दिला तर सभासद वर्षाला ९०० रुपये गमावतो. (लाभांशाची कायद्यानं कमाल १५ टक्के, आणि निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला आधी.) जुनी पद्धत चालू असेल तर ती बदलल्याशिवाय नव्या मुलांपुढं जाऊच नका.

सुरक्षिततेबद्दलही गोडगोड बोलू नका. अमेरिकेत यांना क्रेडिट युनियन म्हणतात आणि तिथं सभासदाच्या ठेवीला अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विम्याचं संरक्षण आहे. आपल्याकडं ५ लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत पतसंस्था आणि मल्टिस्टेटमध्ये लोकांचा पैसा अडकलाय, त्यामुळं घरचे विचारणारच. पगारदार संस्थेचं वेगळेपण सांगा: कर्ज फक्त सभासदाला, वसुली पगारातून. पण त्यापुढं दाखवा की शिल्लक रक्कम कुठल्या बँकेत ठेवलीय. एकाच जिल्हा बँकेत सगळी असेल तर ती बँक अडली की तुमची संस्थाही अडते. लेखापरीक्षणाचा वर्ग आणि दोष दुरुस्ती अहवाल फलकावर लावा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्या आणि ताळेबंद सभेच्या आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर टाका. आयकराबद्दल विचारलं तर खरं सांगा: वर्गणीला आणि शेअरला ८०सी ची सवलत नाही.

कर्ज देताना फक्त पगारपत्रक पाहून चालत नाही. खासगी बँकेचा किंवा ॲपचा हप्ता थेट खात्यातून जातो, पत्रकावर येत नाही. सहा महिन्यांचं बँक खात्याचं पत्रक मागा आणि सगळे हप्ते जाऊन पगाराचा तिसरा हिस्सा तरी हातात राहतो का पाहा. ‘तू माझा जामीन, मी तुझा’ ही जोडी मंजूर करू नका. एक निलंबित झाला की दोन्ही कर्जं एकदम लटकतात. निलंबनात हाती येतो तो निर्वाह भत्ता, म्हणून त्यातूनही हप्ता कापायची संमती कर्जाच्या वेळीच लेखी घेऊन ठेवा. थकलंच तर कलम १०१ खाली वसुली दाखला आहे, पण तिथवर जाऊ द्यायचं नसतं.

शेवटचा हप्ता निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी संपला पाहिजे. वय ५८, चतुर्थ श्रेणीला ६०. भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनला जप्तीपासून संरक्षण आहे, त्यावर हात टाकता येत नाही. निवृत्त होणाऱ्याची वर्गणी आणि शेअर परत देताना मात्र घोळ घालू नका. बेबाकी (काही येणं नसल्याचं) प्रमाणपत्र आणि रकमेचा धनादेश निरोप समारंभाच्या आत तयार ठेवा. त्या समारंभाला नवी मुलंही बसलेली असतात.