वेणी घालताना पडलेली मुलगी

मूल एकदा बेशुद्ध होऊन पडले, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी घाबरण्याचे कारण नाही असे सांगितले आणि तरीही घरातील कोणाची झोप परत आली नाही, अशी कुटुंबे समुपदेशक म्हणून माझ्याकडे अधूनमधून येतच असतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: "पुन्हा झाले तर?" या प्रश्नाला "आता होणार नाही" असे उत्तर मी देत नाही, कारण ते खरे ठरेलच असे नाही. साधी भोवळ येणारी मुले पुन्हा पडू शकतात. पुन्हा पडल्यावर काय करायचे, हे घराला आणि विशेषतः त्या मुलाला ठाऊक असणे हे त्याहून अधिक विश्वासाचे उत्तर आहे, आणि ते गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका कुटुंबासोबत काम करताना मला अधिक नीट समजले. त्या मुलीला घरी सगळे 'बाय' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत.

बाय तेव्हा १२ वर्षांची होती. चवथीच्या दिवशी ती पहाटे पाचला उठली होती. गणपतीची पूजा होईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही असा घरचा रिवाज असल्यामुळे ती उपाशी होती, कढत पाण्याने न्हाली होती आणि न्हाणीतून येऊन थेट आरशापुढे उभी राहिली होती. आई मागे उभी राहून तिच्या ओल्या, कमरेपर्यंतच्या केसांची वेणी घालत होती. बाजूला केळीच्या पानात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, तयार होता. "आई, मला कसेसेच होते," असे बाय म्हणाली. आई म्हणाली, "झाले गो, दोन पेड राहिले, हलू नको." पुढच्या क्षणी बाय पांढरीफटक पडली आणि आईच्या हातातून वेणीसकट खाली गेली.

घर पाहुण्यांनी भरलेले होते आणि प्रत्येकाला काही ना काही ठाऊक होते. काकांनी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणीतरी मुठीत किल्ल्या कोंबल्या, आत्याने दातांमध्ये चमचा घालण्याचा प्रयत्न केला आणि आईने तिला उचलून छातीशी धरून बसवले. बसवल्यावर बायचे हात दोन-तीन वेळा झटकल्यासारखे हलले आणि तेवढ्यावरून 'फिट' हा शब्द घरात शिरला. मिनिटभराने तिने डोळे उघडले, आईला ओळखले आणि "माझी वेणी सुटली काय?" असे विचारले. आजीला मात्र गेल्या वर्षी बोललेला आणि द्यायचा राहून गेलेला नारळ आठवला होता.

त्याच दिवशी आरोग्य केंद्रात आणि नंतर बालरोगतज्ज्ञांकडे तपासणी झाली. झोपवून आणि उभे करून रक्तदाब पाहिला गेला, ईसीजी काढला गेला, रक्त तपासले गेले. हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बाकी सगळे ठीक होते. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, साधी भोवळ आहे." आमच्या व्यवसायात 'काही नाही' या दोन शब्दांनी बिघडलेली प्रकरणे मी बरीच पाहिली आहेत. ज्या आईने आपले मूल मेल्यासारखे पडलेले पाहिले आहे, तिला त्या शब्दांचा अर्थ 'यांना काही सापडले नाही' असाच लागतो.

हे कुटुंब माझ्याकडे आले ते दिवाळीनंतर. बायचे केस मानेपर्यंत कापलेले होते. आईने ते दुसऱ्याच आठवड्यात कापून टाकले होते. न्हाणीच्या दाराची कडी काढली होती. रात्री आई तिच्याशेजारी, तिच्या छातीवर हात ठेवून झोपत होती. शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला वर्गात बसवून ठेवत आणि खेळाच्या तासाला घेत नसत. दिवाळीतले नरकासुराचे पुतळे पाहायलाही तिला पाठवले नव्हते. दिवसातून कितीदा तरी तिला एकच प्रश्न विचारला जाई: "घुंवळ येता काय गो?" म्हणजे चक्कर येते का? दोनदा तिला वर्गात खरोखरच घुंवळ आल्यासारखे वाटले होते आणि घरी आणावे लागले होते, मात्र ती पडली नव्हती. मी तिला एकटीला विचारले, तेव्हा तिने सांगितले की त्या वेळी छाती जोरात धडधडत होती, ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि ते बराच वेळ चालले. हे भोवळीचे वर्णन नाही; भीतीने श्वास वेगाने चालू लागल्याचे आहे. चवथीला शरीराने दिलेला धक्का मिनिटभराचा होता, त्यानंतरचे दोन महिने घराच्या पहाऱ्याचे होते. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही, कारण पहारा देणारी माणसे समोर थकून बसलेली होती.

समुपदेशन सुरू करण्यापूर्वी काही प्रश्न मी वैद्यकीय कागद पाहूनही पुन्हा विचारते. धावताना किंवा पोहताना शुद्ध हरपली का, पडण्यापूर्वी छातीत दुखले किंवा ठोके अनियमित वाटले का, मोठ्या आवाजाने दचकून किंवा झोपलेली असताना असे झाले का, कोणतीही पूर्वसूचना नव्हती का, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असते, तर मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले असते. जीभ बाजूने चावली जाणे, शरीर बराच वेळ ताठ होऊन झटके येणे, शुद्धीवर आल्यावरही पुष्कळ वेळ माणसे न ओळखणे, यांवरून आकडीची शंका घ्यावी लागते. बायच्या बाबतीत यातले काहीच नव्हते. साध्या भोवळीतही हातपाय काही सेकंद झटकू शकतात, आणि शुद्ध हरपलेल्या मुलाला उभे किंवा बसते धरून ठेवले तर ते अधिक होते, हे ऐकल्यावर आईने मान खाली घातली.

नेमके काय घडले ते समजावण्यासाठी मी इमारतीच्या पाण्याचा दाखला दिला. पंप मंद झाला आणि त्याच वेळी खालच्या मजल्यांवरचे सगळे नळ एकदम उघडले, तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. बराच वेळ उभे राहणे, उपाशीपोट, गरम पाण्याने सैल झालेल्या रक्तवाहिन्या यांमुळे रक्त पायांकडे साठते. त्यातच व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचे ठोके मंद करतो, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला काही सेकंद पुरेसे रक्त पोहोचत नाही. शंभरातील साधारण १५ मुलांना मोठे होईपर्यंत एकदा तरी असे होते. केस विंचरताना किंवा वेणी घालताना भोवळ येणे हा तर डॉक्टरांना चांगला माहीत असलेला प्रकार आहे आणि तो मुख्यतः याच वयाच्या मुलींमध्ये दिसतो. तोपर्यंत गप्प बसलेले बायचे वडील म्हणाले, "म्हणजे तिला आडवी केली की वरचा मजला आपोआप खालीच येतो." मी हे वाक्य पुढे इतर कुटुंबांना कितीदा तरी ऐकवले आहे.

आजीशी मी वाद घातला नाही. नारळ द्यायचा राहिला असेल तर तो द्यावा, फक्त देवळात रांगेत उभे राहण्यापूर्वी बायने पेज घ्यावी, असे मी सुचवले. उकड्या तांदळाची पेज आणि सोबत मिठात घातलेले तोर, म्हणजे कैऱ्या, यांत पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जाते, आणि डॉक्टरांनी तिला नेमके तेच वाढवायला सांगितले होते. आजीला हा सल्ला पटला, कारण तो तिच्याच स्वयंपाकघरातला होता.

खरे काम आईसोबत होते. "ती सांगत होती आणि मी तिला हलू नको म्हटले," हे वाक्य तिने दुसऱ्या भेटीत तीन वेळा उच्चारले. तुमची काही चूक नाही, असे मी लगेच म्हटले नाही. तसे म्हटले की माणूस तोंड मिटतो आणि ओझे घेऊनच घरी जातो. त्याऐवजी मी जमिनीवर सतरंजी अंथरली, बायला पडल्याचे सोंग करायला सांगितले आणि आईला म्हटले, "आता तुम्ही तिला सांभाळा. मी घड्याळ लावते." आईने तिला पाठीवर सरळ झोपवले, पाय उचलून खुर्चीवर ठेवले, गळ्याजवळचे बटण सैल केले. मग करण्यासारखे काही उरले नाही. दहाव्या सेकंदाला तिचा हात गालाकडे गेला आणि परत आला, वीसाव्या सेकंदाला तिने पाण्याच्या बाटलीकडे पाहिले, तेव्हा बाय डोळे मिटूनच म्हणाली, "शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही." तीस सेकंद झाल्याचे मी सांगितले, तेव्हा आईला ते खरे वाटेना. चवथीला तिला ते अर्धा तास वाटले होते. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, श्वास नीट चालत नसेल किंवा पडताना डोक्याला मार लागला असेल, तर १०८ वर फोन करायचा, हेही त्याच सतरंजीवर ठरले. हा सराव त्यांनी घरी काका आणि आत्यासह केला. चमचा आणि कांदा बाद झाले ते तिथे.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली आणि ती लिहिणे भाग आहे. हिमोग्लोबिन पुन्हा तपासायचे होते आणि बायला सुईची धास्ती होती. चिंतेवर आम्ही नेहमी शिकवतो तेच मी तिला शिकवले: सावकाश खोल श्वास घे, सगळे अंग सैल सोड. प्रयोगशाळेत तिने अंग सैल सोडले आणि ती पुन्हा पांढरी पडली. तंत्रज्ञाने वेळीच आडवे केले म्हणून निभावले. इतर बहुतेक भीतींमध्ये रक्तदाब चढलेलाच राहतो, पण रक्त आणि सुई यांच्या भीतीत तो आधी चढून मग एकदम कोसळू शकतो, आणि अशा वेळी अंग सैल सोडणे म्हणजे उघडे नळ आणखी उघडणे होय. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यासाठी नेमके उलट तंत्र विकसित केले. हात, पाय आणि पोट यांचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत आवळायचे. मग अंग पूर्ण ढिले न करता २०-३० सेकंद नेहमीसारखे राहू द्यायचे आणि हे पाच वेळा करायचे. हे मला ठाऊक होते, पण सवयीने हात दुसऱ्याच औषधाकडे गेला. मी बायची माफी मागितली. तिला त्याची फार गंमत वाटली आणि त्यानंतर ती माझ्याशी अधिक मोकळेपणाने बोलू लागली. पाय एकमेकांवर घट्ट आवळून उभे राहणे आणि मुठी करकचून मिटणे या युक्त्या उभ्याने भोवळ येऊ लागली तरी उपयोगी पडतात. जमले नाही तर जिथे असू तिथे सरळ खाली बसायचे किंवा आडवे व्हायचे, कपडे मळले तरी चालतील.

घरचे नियम आम्ही चौघांनी मिळून बदलले. कडी पुन्हा बसवली. त्या बदल्यात बायने कोमट पाण्याने, स्टुलावर बसून आंघोळ करायचे कबूल केले. झरीवर एकटीने जायचे नाही, हे तिने कुरकुरत मान्य केले. डॉक्टरांच्या संमतीने खेळाचा तास सुरू झाला, आणि बायने बरे वाटत नाही म्हटले की तिला त्याच क्षणी बसू द्यावे, अशी चिठ्ठी वर्गशिक्षिकेला दिली. 'घुंवळ येता काय' हा प्रश्न बंद झाला. त्याऐवजी सकाळी एकदाच "नाश्ता झाला? पाणी घेतलेस?" एवढेच विचारायचे ठरले. आईला हे सर्वांत जड गेले. पहिल्या आठवड्यात ती तोंडाने विचारत नव्हती, पण डोळ्यांनी विचारत होती, अशी तक्रार बायने केली, आणि ती रास्त होती.

मार्चमध्ये ते सगळे शिगम्याची, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाची, मिरवणूक पाहायला गेले. चित्ररथ ठरल्या वेळी आल्याचे मला तरी आठवत नाही. त्यांनाही दोन तास उभे राहावे लागले. बायला डोळ्यांपुढे अंधारल्यासारखे झाले. तिने पाय आवळून पाहिले, मुठी मिटल्या, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा नव्या फ्रॉकनिशी रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली. शेजारची एक बाई "फिट आली काय?" म्हणत वाकली. आईने तिला सांगितले, "नाही हो, बसली आहे जरा," आणि बायच्या हातात पाण्याची बाटली दिली. दहा मिनिटांनी मिरवणुकीतल्या रोमट नाचाचे ढोल जवळ आले तेव्हा बाय उठून उभी राहिली होती.

त्यानंतरच्या चवथीआधी आईचा फोन आला. पूजेआधी पेज चालेल काय, असे तिने भटजींना विचारले होते, आणि मुलांना कसला आलाय उपास, असे ते म्हणाले होते. बायचे केस आता खांद्याखाली आले आहेत. वेणी घालताना ती पाटावर बसते, आई तिच्यामागे खुर्चीवर, आणि मध्येच हलायची तिला मुभा आहे.