वाचकांचे प्रश्न : बदली, दाखला आणि नवी शाळा

प्रश्न : यजमानांची बदली नाशिकहून हिंजवडीला झाली आहे. मे महिन्यात बिऱ्हाड हलवू. जूनमध्ये मुलगी आठवीत जाईल आणि मुलगा चौथीत. दोघंही राज्य मंडळाच्या सेमी इंग्रजी शाळेत आहेत. ‘पुण्याला जाताय तर सीबीएसईतच घाला’ असं सगळे सांगतात. घर अजून घेतलेलं नाही. शाळा कशी ठरवावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घर घेतलेलं नाही हे फार बरं झालं. शाळा पक्की होईपर्यंत डिपॉझिट भरू नका. हिंजवडी, वाकड, बाणेर या भागांतल्या नव्या शाळा बहुतेक खासगी आणि पूर्ण इंग्रजी माध्यमाच्या आहेत. सेमी हवी असेल तर चिंचवड, निगडी-प्राधिकरण किंवा कोथरूडसारख्या जुन्या वस्त्यांत शोधावी लागते. तेव्हा आधी माध्यम, मग शाळा आणि शेवटी घर, असा क्रम ठेवा. ऑफिसचा प्रवास थोडा वाढला तरी चालेल, मुलांचा वाढू नये.

मुलीचं मंडळ बदलू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सीबीएसई शाळांचं वर्ष साधारण एप्रिलच्या सुरुवातीला चालू होतं. तुम्ही मेमध्ये येणार, म्हणजे सुट्टीआधीचा सगळा भाग बुडालेला असेल. याउलट बालभारतीची पुस्तकं नाशकात आणि पुण्यात तीच, त्यामुळे जूनमध्ये ती वर्गासोबत पहिल्या धड्यापासून सुरुवात करेल. शिवाय सेमीतून पूर्ण इंग्रजीत गेलेल्या मुलांना गणित-विज्ञान फारसं अडत नाही, अडतात ते इतिहास आणि भूगोल. संकल्पना माहीत असते, पण पाच-सहा ओळींचं उत्तर इंग्रजीत लिहायची सवय नसते, आणि पहिल्याच चाचणीत गुण घसरले की मूल बिचकतं. त्यात घर, मैत्रिणी, गाव सगळंच बदललेलं.

मात्र यजमानांची बदली पुढे दर दोन-तीन वर्षांनी राज्याबाहेर होणार असेल तर गणित उलटं होतं. मग दोघांनाही आत्ताच सीबीएसईत घाला, मुलीसाठी एप्रिलपासून इंग्रजीतून सामाजिक शास्त्रांची (इतिहास-भूगोल) तयारी सुरू करा आणि हा निर्णय पुढच्या वर्षावर ढकलू नका. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठी नोंदणी नववीतच होते, दहावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही.

मुलाच्या बाबतीत एवढी घाई नाही. चौथीत माध्यम बदललं तरी वर्षभरात मूल रुळतं. फक्त एक गोष्ट निसटेल : राज्य मंडळाच्या चौथीत परिसर अभ्यासाचा दुसरा भाग पूर्णपणे शिवछत्रपतींवर आहे. मंडळ बदललंत तर तो घरी वाचून घ्या. मराठी मात्र सुटणार नाही, कारण २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत ती सक्तीची आहे.

आता शाळा बघायला जाल तेव्हा. इमारत आणि डिजिटल फळा पाहून मत बनवू नका. ज्या वर्गात मूल जाणार आहे त्या वर्गाच्या तीन-चार वह्या दाखवा म्हणावं, आणि त्याही एका हुशार मुलाच्या नव्हे, गठ्ठ्याच्या मधल्या. शेवटची तपासणी कोणत्या तारखेची आहे? चुकीच्या उत्तराखाली नुसती फुली आहे की दुरुस्ती करून घेतली आहे? सगळ्या वह्यांत उत्तर शब्दशः सारखं असेल तर मुलं फळ्यावरून उतरवून घेताहेत, एवढं समजा. पट विचारा. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, निकष पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवी ३५ मुलांमागे एक असा आहे. मधल्या सुट्टीनंतर स्वच्छतागृह बघा, सकाळी ते सगळीकडेच स्वच्छ असतं.

वेळांचा घोळ बहुतेक पालकांच्या ध्यानात येत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश शासनाने २०२४ मध्ये काढला. वरचे वर्ग अनेक ठिकाणी सातच्या सुमाराला भरतात. म्हणजे शाळा एकच असली तरी तुमच्या घरून दोन वेळा बस किंवा दोन फेऱ्या. प्रवेश घेण्याआधी दोघांच्या वेळा लेखी घ्या आणि एखाद्या कामाच्या दिवशी त्याच वेळेला तो रस्ता जाऊन बघा. रविवारी पाहिलेला रस्ता कामाचा नाही. बसमध्ये महिला मदतनीस असते का, हेही विचारा.

मान्यता तपासणं राहून जातं. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलं असेल तर ती संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळा. राज्य मंडळाच्या शाळेचा यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि शासन मान्यतेचं पत्र मागा, आणि ज्या इयत्तेत मूल जाणार ती इयत्ता त्या पत्रात आहे ना, ते बघा. फीचा तक्ता बाबवार घ्या. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार खासगी शाळेची फी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठरते आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलत नाही. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. देणगी मागणं किंवा आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलाची, पालकांची निवड चाचणी घेणं आरटीईच्या कलम १३ नुसार दंडनीय आहे.

प्रश्न : जुनी शाळा म्हणते ‘नव्या शाळेचं पत्र आणा, मग दाखला देतो’. नवी शाळा म्हणते ‘आधी दाखला’. मुलगा सहावीत आहे. काय करावं? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : नव्या शाळेकडून आधी प्रवेश देण्यास तयार असल्याचं पत्र मागा. ते बहुतेक शाळा देतात. त्याची प्रत जोडून जुन्या मुख्याध्यापकांकडे अर्ज करा आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. तोंडी मागणीला पुढे काहीच आधार राहत नाही. आरटीईच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे, आणि सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जाणार असाल तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शासनाच्या सरल प्रणालीत नवी शाळा ऑनलाइन विनंती पाठवते आणि जुनी शाळा ती मान्य करते. ही पायरी राहिली तर मूल वर्गात बसूनही जुन्याच पटावर दिसतं. तरीही अडलं तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. महापालिका हद्दीत शिक्षण विभागाचे प्रशासनाधिकारी.

दाखला हातात आला की तिथेच, टेबलासमोर उभं राहून वाचा : मुलाचं नाव आधारप्रमाणे, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह, जात. मूल शाळेत असताना चूक दुरुस्त करणं सोपं, शाळा सोडल्यावर अतिशय अवघड. पुढे जात पडताळणीच्या वेळी एका वेलांटीपायी लोक वर्षभर हेलपाटे घालतात. परराज्यात जात असाल तर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्यापूर्वीच घ्या, तिकडून ती मिळवणं त्रासाचं. मूळ दाखला जमा करण्याआधी रंगीत प्रती काढून ठेवा.

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात आरटीईच्या २५ टक्के जागेवर तिसरीत शिकते. पुण्यात तशीच मोफत जागा मिळेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सहसा नाही. या जागा शाळेच्या प्रवेशस्तरावर, म्हणजे नर्सरी किंवा पहिलीला, सोडतीने भरतात. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा कलम ५ चा हक्क खासगी विनाअनुदानित शाळांना लागू नाही. जागा सोडलीत की ती गेली. त्यामुळे पुण्याचा मुक्काम वर्षभराचाच असेल आणि घरी सांभाळणारं कुणी असेल, तर मुलीला कोल्हापुरातच राहू देण्याचा विचार जरूर करा. हलणं अटळ असेल तर घराजवळच्या अनुदानित आणि महापालिकेच्या शाळा बघा. आठवीपर्यंत तिथे शिक्षण मोफत आहे, आणि वर सांगितलेली वह्यांची तपासणी तिथेही तेवढ्याच बारकाईने करा.