नवस बापाचा, आयुष्य मुलीचं

"ताई, देवाला दिलेला शब्द मोडला तर तो पोरांवर उलटतो का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच भाऊंनी विचारलं. हा प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी माझ्याकडे वरचेवर येतो. अहिल्यानगर भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांत माझं समुपदेशनाचं काम चालतं. आमच्यात 'नवस' हा शब्द सहसा कोणी उच्चारत नाही, 'समर्पण' म्हणतात. पण आजारी लेकराच्या उशाशी बसलेला बाप जे बोलतो, ते सगळ्या घरांत सारखंच असतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

भाऊंचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान. मुलगी तीन वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. अकराव्या रात्री डॉक्टरांनी हात टेकल्यासारखं केलं, तेव्हा हे दवाखान्याच्या जिन्यात गुडघ्यावर आले आणि म्हणाले, "प्रभू, हिला वाचव, ही तुझी." पोरगी वाचली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून हे सांगितलं, म्हणजे साक्ष दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता ती बावीसची आहे, लॅब टेक्निशियन म्हणून नोकरी करते. भाऊंनी चर्चच्या पूर्णवेळ सेवेच्या शिक्षणासाठी फॉर्म आणला. तिने नाही म्हटलं. त्यानंतर तीन आठवड्यांत धाकट्या मुलाची मोटारसायकल घसरली आणि त्याचा पाय मोडला.

तेव्हापासून भाऊंना झोप नाही. रात्री दोनदा उठून पोराचा श्वास चाललाय का बघायचे. छातीत धडधड होतेय म्हणाले, म्हणून आधी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. बीपी वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली, मग बोलायला बसलो.

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती सांगूनच टाकते. भाऊ बायबलमधल्या 'उपदेशक' पुस्तकाचा पाचवा अध्याय घेऊन आले होते: नवस करून न फेडण्यापेक्षा नवस न केलेला बरा. मला वाटलं, वचनाला वचनाने उत्तर देऊ. बायबलमधल्या 'लेवीय' या नियमांच्या पुस्तकाचा 27 वा अध्याय उघडला. देवाला वाहिलेल्या माणसाला चांदी देऊन सोडवता येतं, त्याचे दर तिथे लिहिलेत. वीस ते साठ वयाच्या पुरुषाचे 50 शेकेल, बाईचे 30. महिन्याच्या बाळापासून पाच वर्षांपर्यंत मुलाचे 5, मुलीचे 3. ऐपत नसेल तर याजकाने परवडेल एवढं ठरवायचं. एक शेकेल म्हणजे साधारण अकरा ग्रॅम चांदी. "म्हणजे तुमच्या पोरीचे तीन शेकेल, भाऊ," मी म्हटलं, "सव्वातीन तोळ्यांच्या आत-बाहेर." ते माझ्याकडे बघत राहिले. वकिलाने पळवाट काढून दिल्यावर अशील बघतो ना, तसं. मला जे सुटकेचं दार वाटत होतं, त्यात त्यांना लेकीची किंमत दिसली. त्या दिवशी ते लवकर उठले.

पुढच्या वेळी मुलगीही आली. मी पुस्तक उघडलंच नाही, भाऊंनाच विचारलं, "तुमच्या मनात कुठली गोष्ट आहे?" ते म्हणाले, "हन्ना. मूल होत नव्हतं, नवस केला आणि झालेल्या शमुवेलाला तिने देवाला दिलं."

बरोबरच आहे. त्यांनी स्वतःला हन्नाच्या जागी बसवलं होतं. लोक बायबल असंच वाचतात, यात काही पाप नाही. फक्त त्या गोष्टीत काय काय आहे ते सगळं वाचायला हवं. हन्नाने नवस बाळ पोटात येण्याआधी केला, नवऱ्याने त्याला हरकत घेतली नाही, आणि पुढे शमुवेल मंदिरात झोपला असताना देवाने त्याला स्वतः हाक मारली. तीन वेळा तो म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे, धावला, चौथ्यांदा त्याने स्वतःच्या तोंडाने ओ दिली. आईच्या नवसाने तो फक्त दारापर्यंत पोचला. "तुमच्या लेकीला अशी हाक आली का?" मी विचारलं. भाऊ गप्प. लेक म्हणाली, "पप्पा, मला कोणी विचारलंच नाही अजून."

मग मी म्हटलं, आता बायबलमधल्या 'शास्ते' पुस्तकाचा 11 वा अध्याय वाचू, तुम्हीच मोठ्याने वाचा. बोटाने ओळ धरून ते वाचू लागले. इफ्ताह गिलादी, वेश्येचा मुलगा, भावांनी वाटा नाकारून हाकललेला. शेजारचे अम्मोनी लोक चाल करून आल्यावर गिलादाचे वडीलधारे त्याला परत बोलवायला टोब देशात गेले. 29 व्या ओवीत परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आला. तिथे मी थांबवलं. देवाचा आत्मा आधीच आला होता. नवस त्यानंतरच्या ओवीत आहे, आणि तो कोणी मागितलेला नव्हता. जिंकून आलो तर घराच्या दारातून जे आधी समोर येईल ते तुझं, होमार्पण करीन, म्हणजे जाळून वाहीन. मिस्पात आपल्या घरी परतला, तर डफ वाजवत, नाचत एकुलती एक लेक बाहेर आली. तिला बघून तो कपडे फाडतो आणि काय म्हणतो? मुली, तू मला खचवलंस.

भाऊंचं बोट तिथेच थांबलं. "हे मीही म्हणालो हिला," ते म्हणाले. "पाय मोडला त्या रात्री. तुझ्यामुळे झालं, म्हणालो."

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

मुलीने विचारलं, "त्या मुलीचं नाव काय होतं?" भाऊंनी मागेपुढे पानं चाळली. नाव नाही. मैत्रिणींबरोबर दोन महिने ती डोंगरात जाऊन रडली एवढं आहे, आणि पुढे इस्राएलाच्या मुली दरवर्षी चार दिवस तिची आठवण करत, तेही आहे. "आणि देव काय म्हणतो?" तिने विचारलं. पुन्हा चाळली. नवस केल्यापासून ती मरेपर्यंत देव एक शब्द बोलत नाही. अब्राहामाने आपल्या मुलाचा बळी द्यायला सुरी उचलली तेव्हा दूताने दोनदा नाव घेऊन हात थांबवला, इथे कोणीच येत नाही. तिला जाळलं नाही, आयुष्यभर अविवाहित ठेवलं, असं म्हणणारे भाष्यकारही आहेत. मध्ययुगातला रब्बी दावीद किम्ही त्यातला एक. मला मजकुराचा सरळ अर्थ तसा वाटत नाही, पण आमच्या खोलीतला प्रश्न दोन्ही अर्थांनी तोच राहत होता.

भाऊंनी खरी अडचण आता काढली. "मग नव्या करारात, इब्री 11 मध्ये, विश्वासवीरांत इफ्ताहाचं नाव कसं?" चांगला प्रश्न. त्याच ओळीत शमशोनाचंही नाव आहे, तो बलाढ्य पण मोहात वाहवलेला. शमशोनासारखं वाग असं आपण पोरांना सांगतो का? तिथे त्यांच्या विश्वासाची नोंद आहे, त्यांच्या प्रत्येक कृत्यावर देवाची सही नाही. शास्तेचं पुस्तकच संपतं ते असं सांगत, की त्या दिवसांत ज्याला जे बरं दिसे ते तो करी. हे कौतुकाने लिहिलेलं नाही. ज्यू परंपरेत याचं एक जुनं भाष्य आहे, तेही सांगितलं. नवस मोडायची सोय होती, पण इफ्ताह म्हणाला, मी सेनापती, याजकाकडे का जाऊ? याजक फिनहास म्हणाला, मी याजक, त्या अडाण्याकडे का जाऊ? दोघांच्या मानापानात पोर गेली. भाऊ पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आमच्या चर्चच्या पाळकांना मीही विचारलेलं नाही. साक्ष दिलेली ना, लोक काय म्हणतील."

मग मुलीने मला पेचात पकडलं. तिला लेवीयचं बापाकडून कळलं होतं. "मुलाचे पाच आणि मुलीचे तीन, हे आज लागू नाही, पण सोडवायची सोय लागू. ताई, हे कोण ठरवतं?"

मी लगेच काही बोलले नाही. मग मार्काच्या शुभवर्तमानाचा 7 वा अध्याय काढला. येशूच्या काळी लोक आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली, म्हणून जाहीर करत आणि म्हाताऱ्या आईबापांना हात आखडता घेत. नवस आहे ना, मोडता येत नाही. येशूने ते झिडकारलं: देवाच्या नावाने माणसाचं देणं बुडवता. मी जुनी कथा वाचताना हाच धागा हातात ठेवते. दर त्या काळाचे होते, बाजूला ठेवते. नवसापायी माणूस चिरडायचा नाही, हे मात्र लेवीयात दारिद्र्यातल्या माणसासाठीही लिहून ठेवलंय, म्हणून ते ठेवते. तिला हे पूर्ण पटलं असं म्हणवत नाही. "बघते वाचून," म्हणाली.

पायाचं राहिलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात जन्मांधाला बघून येशूचे शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. भाऊंना हे पाठ होतं, तरी त्या दिवशी त्यांनी दोनदा वाचलं. रस्त्यावर खडी पडली होती, वळण होतं, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. हे मुलानेच सांगितलं होतं, भाऊंनी तेव्हा ऐकून घेतलं नव्हतं.

पाचेक भेटी झाल्या. पाळकांशी ते बोलले. पाळकांनी हरकत घेतली नाही, आणि दोन महिने ज्याची धास्ती होती ते बोलणं दहा मिनिटांत संपलं. 'ही तुझी' असं म्हणणारा मी होतो, तर देणंही माझंच, असं भाऊंनी ठरवलं. आता शनिवारी दुपारी दुकान बंद करून एका वसतिगृहाच्या पाण्याच्या मोटारी फुकट भरून देतात. रात्री पोराला उशीर झाला की फोन अजून करतात, पण एकदाच.

फॉर्म कपाटात आहे. फाडायला निघाले होते, मुलीनेच अडवलं. "राहू दे. भरायचा की नाही ते मी ठरवीन."