मौनसभेत बसणे म्हणजे धर्मांतर का?

प्रश्न : माझी मुलगी लग्नानंतर इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहते. वर्षभरापासून ती दर रविवारी क्वेकर पंथाच्या सभेला जाते. तिथे तासभर सगळे शांत बसतात, असे ती सांगते. तिच्या घरी देव्हारा आहे, गणपतीही बसतो. तरी नातेवाइकांत ‘पोरगी बाटली’ अशी कुजबूज सुरू झाली आहे. हा पंथ काय आहे आणि इतर धर्मांच्या लोकांना त्याची ओढ का वाटते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मनातली धास्ती आधी दूर करतो. सभेला जाऊन बसल्याने कोणी क्वेकर होत नाही. ब्रिटनमधील क्वेकर नियमाने येणारा आणि रीतसर सदस्य झालेला यांत स्पष्ट फरक करतात. सदस्य व्हायचे तर स्वतः अर्ज करावा लागतो, बहुधा दोन सदस्य भेटून सविस्तर बोलतात आणि मग सभा निर्णय घेते. बाप्तिस्मा त्यांच्यात नाहीच. त्यामुळे आपली मुलगी बाटली, असे म्हणण्याला काहीही आधार नाही, हे नातेवाइकांना निःशंकपणे सांगावे.

हा ख्रिस्ती पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत उभा राहिला. जॉर्ज फॉक्स (1624–1691) या विणकराच्या मुलाने असे सांगितले की देवाशी बोलण्यासाठी पुरोहिताची गरज नाही, कारण प्रत्येक माणसाच्या अंतरात प्रकाश आहे. ‘प्रत्येकात देवाचा अंश आहे’ ही त्याची शिकवण 1656 मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आली आहे. मराठी वाचकाला यात लगेच संतवाणी ऐकू येईल, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु फॉक्सच्या मनातला प्रकाश हा ख्रिस्ताचा प्रकाश होता, हे विसरून ‘हे तर आमचेच’ म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

या एका श्रद्धेतून पुढचे सारे निघाले. सर्वांच्या अंतरात तोच प्रकाश असेल तर उमरावापुढे टोपी कशासाठी काढायची? नेहमी खरेच बोलायचे असेल तर न्यायालयात वेगळी शपथ कशाला? आणि ज्याच्यात देवाचा अंश आहे त्याच्यावर शस्त्र कसे उगारायचे? या प्रश्नांची उत्तरे त्यांनी आचरणातून दिली आणि त्यापायी हजारोंनी तुरुंगवास भोगला. गुलामगिरीबाबत मात्र त्यांना जाग यायला वेळ लागला. अमेरिकेतील कित्येक क्वेकर स्वतः गुलाम बाळगत असत. जॉन वूलमन यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे घरोघरी जाऊन आपल्याच बांधवांची मने वळवली, तेव्हा कुठे 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम ठेवण्यास मनाई केली. ही कबुली देणारा इतिहास मला त्यांच्या 1947 च्या नोबेल शांतता पुरस्काराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता ओढीविषयी. ब्रिटनमधील सभेत वेदी नाही, मूर्ती नाही, पाद्री नाही, आणि अमुक मानतो असे म्हणवून घेणारा श्रद्धेचा ठराव नाही. आतून प्रेरणा झाली तर कोणीही उठून चार वाक्ये बोलते, नाहीतर मौन चालू राहते. विपश्यनेला बसलेला बौद्ध, नामस्मरणाची सवय असलेला हिंदू किंवा देवाच्या अस्तित्वाबद्दल साशंक असलेला माणूस, कोणालाही आपले काही दाराबाहेर काढून ठेवावे लागत नाही. मात्र सगळीकडे असे नसते. जगात सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत. त्यांच्याकडे पाद्री, स्तोत्रे आणि बायबलवरील प्रवचन असते.

क्वेकरही पूर्वी धर्मांतराचा आग्रह धरीत. गांधीजी तरुणपणी प्रिटोरियात असताना कोट्स नावाच्या क्वेकर स्नेह्याला त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ अंधश्रद्धेची वाटली आणि ती तोडून टाकू, असे तो म्हणाला. ही आईने प्रेमाने घातलेली माळ आहे, सबळ कारणाशिवाय मी ती टाकणार नाही, असे गांधीजींनी उत्तर दिले. स्नेह तुटला नाही. पुढे 1931 मध्ये गांधीजी बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर संस्थेत राहून आले; तिथेच शिकवणारे होरेस अलेक्झांडर 15 ऑगस्ट 1947 रोजी कलकत्त्यात त्यांच्याजवळ होते. मार्जरी साइक्स या क्वेकर बाईंनी तर आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिकवण्याच्या पद्धतीच्या, शिक्षकांना घडवले आणि भारताचे नागरिकत्व घेतले. माळ तोडू पाहणाऱ्या स्नेह्यापासून साइक्सबाईंपर्यंतचा हा प्रवास पाहिला, म्हणजे आजच्या सभेत देव्हारा असलेल्या घरातली मुलगी निःसंकोच का बसू शकते, ते कळते.

तिला ‘तू धर्म बदललास का’ असे विचारण्यापेक्षा त्या तासाभरात काय घडते, ते विचारावे. बर्मिंगहॅमला जाणे झाले तर तिच्यासोबत एकदा सभेला जाऊन बसावे. आपल्याकडून तिथे कोणी काही वदवून घेणार नाही. तास सरला की दोन ज्येष्ठ सदस्य हस्तांदोलन करतील आणि सभा संपेल.